मजुरांचे संघ : तारक कीं मारक?

मजुरांच्या संघांमुळें मजुरांचें हित होतें कीं अहित, हा प्रश्न सुशिक्षित घरांतून वारंवार निघतो. एखादी बँक दोन दिवस बंद राहते, एस्. टी. च्या गाड्या आगारांत उभ्या राहतात, किंवा एखाद्या कारखान्याच्या दाराशीं मांडव पडतो, कीं घरोघर दोन पक्ष होतात. एक पक्ष म्हणतो, संघ नसते तर मजुराला माणूस म्हणून कोणी ओळखलेंच नसतें. दुसरा म्हणतो, संघांनींच मजुराच्या तोंडचा घास घालविला. दोन्ही पक्षांजवळ उदाहरणें असतात आणि तीं बहुधा खरीं असतात. म्हणूनच वाद संपत नाहीं.

आमचें घर याला अपवाद नाहीं. धाकट्या बंधूंचा मुलगा चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत अधिकारी आहे. "काका, संघ आला की पुढारी आला, आणि पुढारी आला की कारखाना दुसऱ्या राज्यात गेला," असें त्याचें सूत्र आहे. माझी मुलगी बँकेंत आहे आणि तेथील कर्मचारी संघाची सभासद आहे. ती त्याला विचारते, "दादा, तुमच्याकडच्या कायम माणसांना भरपगारी रजा मिळते, ती मालकांनी आपण होऊन दिली का?" सूनबाई संगणकाच्या एका कचेरींत नोकरीस होत्या. एके दिवशीं दुपारीं त्यांना एका खोलींत बोलावून तेथल्या तेथें राजीनामा लिहून द्यावयास सांगण्यांत आलें. त्या कचेरींत संघ नव्हता. या वादांत त्या फारशा बोलत नाहींत. पण दोघांचेंहि बोलणें लक्षपूर्वक ऐकतात.

मीं आयुष्यभर मुलांना शब्दरूपें आणि समास शिकविले. अर्थशास्त्रांत माझा अधिकार नाहीं. तथापि जुनी अकरावी, म्हणजे त्या वेळची मॅट्रिक, होऊन आणि पुढें पांच-सहा वर्षें पाठशाळेंत काढून १९८१ च्या जूनमध्यें मी मुंबईस गेलों, तो लालबाग-परळच्या वस्तींतील एका माध्यमिक शाळेंत संस्कृताचा शिक्षक म्हणून. त्यानंतर सात महिन्यांनीं गिरण्यांचा जो मोठा संप सुरू झाला, तो मीं वर्गाच्या हजेरीपटावर पाहिला आहे. तेव्हां जें पाहिलें आणि पुढें जें वाचलें, त्यावरून या वादाविषयीं माझें एक मत बनलें आहे. तें येथें मांडतों.

संघाची गरज मुळांत कां पडली, हें प्रथम पाहूं. कारागिरांनीं एकत्र येणें आपल्याकडे नवें नाहीं. पाणिनीच्या सूत्रांत संघ, पूग, व्रात अशीं समूहांचीं निरनिराळीं नांवें आढळतात. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा शिलालेख आहे. त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवल्याचें त्यांत नमूद आहे. त्यांपैकीं २,००० दरमहा शेंकडा एक या व्याजानें आणि १,००० शेंकडा पाऊण या व्याजानें. राजाचा जांवई भिक्षूंच्या खर्चासाठीं ठेवलेली रक्कम विणकरांच्या हवालीं करतो, यावरून त्या श्रेणींची पत केवढी होती तें दिसतें.

परंतु त्या विणकराचा माग त्याच्या स्वतःच्या मालकीचा होता. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, आणि त्यानंतर जो विणकर निर्माण झाला त्याच्याजवळ माग नव्हता, सूत नव्हतें, भाव सांगण्याचा अधिकारहि नव्हता. त्याच्याजवळ दोन हात होते. ते आज विकले गेले नाहींत तर उद्यां चूल पेटत नसे. मालकाला मात्र महिनाभर थांबतां येत होतें. ज्या करारांत एकाला थांबणें परवडतें आणि दुसऱ्याला परवडत नाहीं, तो करार 'उभयतांच्या संमतीनें' झाला असें म्हणणें व्याकरणदृष्ट्या शुद्ध असेल. अर्थदृष्ट्या तें शुद्ध नाहीं.

ही विषमता प्रथम ज्यांनीं स्पष्टपणें मांडली ते नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक होते. १८८४ सालीं त्यांनीं परळ भागांत गिरणी-मजुरांच्या सभा घेतल्या आणि सुमारें ५,५०० मजुरांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यांतील मागण्या आज वाचल्या तर त्या मागाव्या लागल्या याचेंच नवल वाटतें: आठवड्यांतून एक दिवस सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आंत, आणि यंत्रांत सांपडून जायबंदी झाल्यास कांहीं भरपाई. सहा वर्षें ही खटपट चालली. एप्रिल १८९० मध्यें सुमारें दहा हजार मजुरांची सभा भरली आणि तींत दोन मजूर स्त्रियांनींहि भाषणें केलीं. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या मंडळानें रविवारची सुटी मान्य केली. सरकारी कचेऱ्यांना रविवार पूर्वींपासून होता. मजुराला तो मागून घ्यावा लागला.

लोखंड्यांच्या संस्थेला आजच्या अर्थानें संघ म्हणतां येणार नाहीं. तिला नेमके सभासद नव्हते, निधि नव्हता, नियमहि नव्हते. तरीहि एकेकट्या मजुराला जें कधींच साधलें नसतें, तें एका अर्जावरच्या हजारों सह्यांनीं साधलें. हा इतिहास माझ्या पुतण्याच्या सूत्रांत कोठेंच बसत नाहीं.

आणि हें मजुरांपुरतेंच आहे असेंहि नाहीं. आमच्या शाळेंतील वृद्ध शिक्षक सांगत कीं, पूर्वीं ते ज्या एका संस्थेंत होते तेथें पगारपत्रकावर सही एका आंकड्यावर करावी लागे आणि हातीं दुसराच आंकडा पडे. तक्रार करणाऱ्याला उन्हाळ्याच्या सुटींत घरीं पत्र येई कीं, पुढील वर्षापासून आपली आवश्यकता नाहीं. खाजगी शाळांतील सेवकांच्या सेवाशर्तींचा महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा झाला, तो शिक्षकांच्या संघांनीं वर्षानुवर्षें दारें ठोठावल्यानंतर. आज जीं पांढरपेशीं घरें निवृत्तिवेतनावर स्वस्थपणें चाललीं आहेत, त्यांपैकीं कित्येकांच्या डोक्यावरचें छप्पर कोणत्या ना कोणत्या संघानें धरलेलें आहे. आपण आपल्या संघाला 'संघटना' म्हणतों आणि मजुरांच्या संघाला 'युनियनबाजी' म्हणतों, एवढाच काय तो भेद.

येथपर्यंत मी मुलीच्या पक्षाचा आहें. परंतु दुसऱ्या पक्षाचे आक्षेपहि तितक्याच सरळपणें मांडले पाहिजेत. ते मुख्यतः तीन आहेत.

पहिला आक्षेप असा कीं, संघ आंतल्यांचें भलें करतो आणि बाहेरच्यांना दार लावतो. दहा कायम मजुरांचें वेतन वाढलें कीं मालक अकरावा माणूस कायम म्हणून घेत नाहीं. तो कंत्राटदाराकडून घेतो. मग एकाच यंत्रावर दोन माणसें तेंच काम करतात, एकाच्या पगाराच्या निम्म्यानेंहि दुसऱ्याची बोळवण होते, आणि दहांचा संघ त्या अकराव्याला पुष्कळदां सभासद करून घेत नाहीं. हा आक्षेप खोटा नाहीं. पण त्याचें उत्तरहि संघांनींच दिलेलें आहे. हमाल हा कोणा एका मालकाचा नोकर नसतो; आज या पेढीचें पोतें, उद्यां त्या पेढीचें. अशा लोकांच्या चळवळींतून महाराष्ट्रांत १९६९ सालीं माथाडी व हमाल कामगारांचा कायदा झाला, मंडळें स्थापन झालीं, आणि ज्यांना मालकच नव्हता त्यांना भविष्यनिर्वाह निधि मिळूं लागला. पुण्यांत बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीनें 'कष्टाची भाकर' हें स्वस्त अन्नाचें केंद्र चालवून दाखविलें. अहमदाबादेस इला भट्ट यांनीं १९७२ सालीं फेरीवाल्या, ओझेंवाल्या आणि घरीं बसून शिवणकाम करणाऱ्या बायकांचा 'सेवा' हा संघ नोंदविला, तेव्हां मालकच नाहीं तर संघ कोणाविरुद्ध, असा प्रश्न नोंदणी करणाऱ्यांना पडला होता. संघ हा कोणाविरुद्ध नसून कोणासाठीं तरी असतो, असें त्याचें उत्तर होतें.

दुसरा आक्षेप पुढाऱ्यांविषयींचा आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानें संघाचे निम्म्यापर्यंत पदाधिकारी धंद्याबाहेरचे असूं शकत. त्या काळीं तें आवश्यकहि होतें. ज्याला लिहितां-वाचतां येत नाहीं त्यानें मालकाच्या वकिलापुढें काय बोलावें? परंतु बाहेरच्या पुढाऱ्याचा पगार संपांत बुडत नाहीं, आणि संप फसला तरी त्याचें नांव होतेंच. हितोपदेशांतील कबुतरांची गोष्ट वाचकांना ठाऊकच आहे. जाळ्यांत सांपडलेलीं कबुतरें एकदिलानें जाळें घेऊन उडालीं, ही तिची अर्धी कथा आपण मुलांना सांगतों आणि ऐक्याचें महत्त्व पटवितों. उरलेली अर्धी अधिक मोलाची आहे. हिरण्यक नांवाचा उंदीर जेव्हां प्रथम राजाचे, म्हणजे चित्रग्रीवाचे, पाश कुरतडूं लागला तेव्हां चित्रग्रीवानें त्याला थांबविलें आणि आधीं माझ्या आश्रितांचे पाश तोड असें सांगितलें. पुढाऱ्याची ही कसोटी आहे, आणि ती थोड्यांनाच उतरतां येते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: संघाला कोठें थांबावें हें कळत नाहीं. त्याचें जुनें उदाहरण मुंबईचेंच आहे. १९२८ सालीं मालकांनीं एका मजुरावर अधिक यंत्रें सोंपविण्याची आणि वेतनांत काट मारण्याची योजना आंखली. त्याविरुद्ध एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारें दीड लाख मजुरांनीं संप केला. सरकारला चौकशी समिति नेमावी लागली. संपाच्या धामधुमींत जन्मलेल्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या वर्षअखेरीस पन्नास हजारांवर गेली. मार्च १९२९ मध्यें तिचे प्रमुख पुढारी मीरतच्या खटल्यांत पकडले गेले आणि एप्रिलांत पुन्हां सार्वत्रिक संप पुकारण्यांत आला. गेल्या वर्षीं सहा महिने उपाशी राहिलेल्या मजुरांत पुनः तेवढें बळ नव्हतें. संप फसला, पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या, आणि वर्षभरापूर्वीं ज्या संघाचा दरारा होता त्याची सभासदसंख्या झपाट्यानें घसरली.

याच्या उलट १९१८ चा अहमदाबादचा लढा पाहावा. प्लेगच्या काळांत गिरण्यांनीं दिलेला वाढीव भत्ता बंद होणार होता. मजुरांचें म्हणणें शेंकडा ५० वाढ मिळावी. मालक २० पलीकडे जाईनात. गांधीजींनीं मजुरांचा घरखर्च, गिरण्यांची स्थिति आणि मुंबईचे दर यांची चौकशी केली आणि मजुरांनाच सांगितलें कीं, रास्त मागणी ३५ ची आहे. ५० ची मागणी सोडा. मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई, आणि मजुरांच्या बाजूस उभ्या त्यांच्याच सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. तीन आठवड्यांहून अधिक काळ लढा चालला, मजुरांचा धीर सुटूं लागला, गांधीजींनीं तीन दिवस उपवास केला, आणि अखेर प्रश्न लवादाकडे गेला. लवाद होते आनंदशंकर ध्रुव, संस्कृताचे मोठे पंडित. त्यांनीं ३५ टक्केच दिले. आम्हां संस्कृतवाल्यांच्या वांट्यास असा मान क्वचित् येतो, म्हणून हें आवर्जून सांगतों. भाऊ-बहिणीचें नातें तुटलें नाहीं, आणि दोन वर्षांनीं मजूर महाजन हा टिकाऊ संघ उभा राहिला. या लढ्याला आरंभीं मोजून काढलेली मागणी होती आणि शेवटीं बाहेर पडण्याचें दार होतें.

आतां मुंबईच्या १९८२ च्या संपाकडे येतों. तो समजण्यासाठीं १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा समजून घ्यावा लागतो. या कायद्यानें एका गांवांतील एका धंद्यांत एकच 'प्रतिनिधि संघ' ठरविला. वाटाघाट करण्याचा हक्क त्याचा. त्याला वगळून केलेला संप बेकायदा. हेतु वाईट नव्हता. पांच संघ पांच तोंडांनीं बोलूं लागले तर करार कोणाशीं करावयाचा? परंतु हा संघ कोणता, हें सभासदांच्या नोंदींवरून ठरे. मजुरांच्या गुप्त मतदानानें नव्हे. मुंबईच्या कापड गिरण्यांत तें स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होतें. मजुरांचें मन त्या संघावरून उडालें तरी त्याला बदलण्याचा सोपा मार्ग त्यांच्या हातीं नव्हता. १९८१ च्या दिवाळींत बोनसच्या करारावरून असंतोष उफाळला आणि मजूर डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. इंजिनियरिंगच्या कारखान्यांत त्यांनीं मोठ्या पगारवाढी मिळवून दिल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख मजूर कामावर गेले नाहींत. वेतनवाढ, बदली मजुरांना कायम करणें आणि तो १९४६ चा कायदा रद्द करणें, या प्रमुख मागण्या होत्या.

पहिले कांहीं आठवडे वस्तींत सणासारखा उत्साह होता. मुलें वर्गांत येतांना सभांतल्या घोषणा पाठ करून येत. होळीनंतर डबे हलके झाले. उन्हाळ्याच्या सुटींत पुष्कळ कुटुंबें सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडे गांवीं गेलीं, तीं जूनमध्यें परतलीं नाहींत. त्या पावसाळ्यांत वर्गशिक्षक म्हणून माझें मुख्य काम शाळा सोडल्याचे दाखले लिहिणें हेंच झालें होतें. एके दिवशीं पाटण तालुक्यांतला एक गृहस्थ मुलाचा दाखला नेण्यास आला. साळखात्यांत त्याची वीस वर्षें झालीं होतीं. मुलगा आठवींत, हुशार. त्यानें ग्रंथालयाचें पुस्तक परत केलें, त्याला नवें वेष्टन घातलें होतें. संप मिटण्याचीं कांहीं चिन्हें आहेत काय, असें मीं विचारलें. तो म्हणाला, "मास्तर, सभेत हात वर केला तो राजीखुशीनं केला. कुणी जबरदस्ती केली नाही. आता तो खाली कधी घ्यायचा, हे इचारायला मातूर कुणी येत नाही."

मजुरांच्या प्रश्नावर मीं पुढें पुष्कळ वाचलें. पण या वाक्यापेक्षां अधिक अर्थगर्भ असें कांहीं मला आढळलें नाहीं. ज्या संघाला कायद्यानें त्याचा प्रतिनिधि ठरविलें होतें, त्यानें त्याला विचारलें नव्हतें. ज्या पुढाऱ्यामागें तो आपखुषीनें गेला, त्याच्याजवळ जाण्याचा मार्ग होता, परतण्याचा नव्हता. सरकारनें आणि मालकांनींहि प्रतिष्ठेचा प्रश्न करून दार लावून घेतलें. तो संप रीतसर कधींच मागें घेतला गेला नाहीं. लाखाहून अधिक मजुरांची नोकरी गेली. डॉ. सामंत १९८४ च्या निवडणुकींत लोकसभेवर निवडून आले, यावरून मजुरांची त्यांच्यावरील निष्ठा खोटी नव्हती हें दिसतें. परंतु निष्ठेनें साचे पुन्हां फिरले नाहींत. १९९७ च्या जानेवारींत त्यांची हत्या झाली. त्यांचा स्वतःचा संसार ऐषारामाचा होता असें त्यांच्या शत्रूंनींहि म्हटल्याचें मला आठवत नाहीं. म्हणजे दोष पुढाऱ्याच्या लोभाचा नव्हता, रचनेचा होता.

मग संपानेंच गिरण्या बुडविल्या, हें पुतण्याचें म्हणणें खरें मानावयाचें काय? पूर्णपणें नाहीं. अहमदाबादेंत लवादाची परंपरा होती, असा प्रचंड संप तेथें झाला नाहीं. तरी १९८० नंतरच्या दोन दशकांत तेथील गिरण्याहि मोठ्या संख्येनें बंद पडल्या. यंत्रें जुनाट झालीं होतीं, नफा नवीं यंत्रें आणण्याऐवजीं दुसरीकडे वळविला जात होता, भिवंडी व इतरत्र यंत्रमागांवर कापड स्वस्त निघत होतें. आणि संपकाळांत कांहीं गिरण्यांनीं आपलें कापड तेथूनच विणून घेतलें. १९८३ सालीं मुंबईंतील १३ गिरण्यांचा कारभार सरकारला हातीं घ्यावा लागला, आणि पुढें कापडापेक्षां गिरणीखालच्या जमिनीलाच अधिक किंमत आली. संपानें रोग उत्पन्न केला नाहीं. परंतु रोग्याला औषधपाण्यासाठीं, मुलांच्या शिक्षणासाठीं, दुसरी वाट शोधण्यासाठीं जी दहा वर्षें मिळालीं असतीं, तीं त्या संपानें हिरावून घेतलीं. माझ्या हजेरीपटावरील तांबड्या रेघा त्या दहा वर्षांच्या आहेत.

यावरून माझें मत असें झालें आहे. संघ तारक होतो कीं मारक, हें तो किती बलवान् आहे यावर ठरत नाहीं. तो किती लढाऊ किंवा किती समंजस आहे यावरहि ठरत नाहीं. सभासदाला विचारलें जातें कीं नाहीं, आणि तेंहि संपांत जातांना व संपांतून परततांना, अशा दोन्ही वेळीं विचारलें जातें कीं नाहीं, यावर तें ठरतें. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानें मान्यताप्राप्त संघाला संपाची सूचना देण्यापूर्वीं बहुसंख्य सभासदांची संमति घेणें आवश्यक केलें होतें. तो नियम उत्तम. पण तो केवळ जाण्याच्या दाराचा नियम होता. विलायतेंत १९८४-८५ सालीं कोळशाच्या खाणींतील मजुरांचा वर्षभर चाललेला संप राष्ट्रीय मतदान न घेतांच झाला आणि त्यांतून त्या बलाढ्य संघाची कंबर मोडली, हें आमच्या गिरण्यांच्या संपाशीं ताडून पाहण्यासारखें आहे. आपल्या संसदेनें २०२० सालीं मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेंत ५१ टक्के मजूर ज्याचे सभासद असतील त्या संघाला वाटाघाटीचा एकमेव हक्क ठेवला आहे, आणि संपापूर्वीं १४ दिवसांची सूचना सर्वच कारखान्यांना लागू केली आहे. त्याच संहितेनें सरकारच्या परवानगीवांचून कारखाना बंद करण्याची मर्यादा १०० मजुरांवरून ३०० मजुरांवर नेली. म्हणजे मजुरांच्या बहुमताला कांहीं मान मिळाला, पण थांबण्याची शक्ति मालकाकडे अधिक आणि मजुराकडे कमी, ही जुनी विषमता थोडी वाढलीच. अशा वेळीं संघ नकोत असें म्हणणें म्हणजे पोहतां येत नाहीं म्हणून नावहि नको असें म्हणण्यासारखें आहे. नाव हवी, तिचें सुकाणूं मात्र नावेंत बसलेल्यांच्या हातीं हवें.

म्हणून ज्या संघांत ठराविक मुदतीनें निवडणुका होतात, हिशेब भिंतीवर लागतो, कंत्राटी माणसाला सभासद होतां येतें, मागणी मोजून केली जाते, आणि संप लांबला तर महिन्यामहिन्यानें 'पुढें चालवूं कीं थांबूं' असें गुप्त मतदानानें विचारलें जातें, तो संघ मजुराचा. ज्यांत यांतलें कांहींच होत नाहीं, तेथें मजूर संघाचा असतो. पहिल्यानें कल्याण होतें, दुसऱ्यानें नाश होतो. आणि दोघांच्या दारावर पाटी मात्र एकच असते.

एक गोष्ट आपल्या घरांविषयीं लिहून पुरें करतों. आपण हा वाद घालतों तो तिऱ्हाईत म्हणून. परंतु आपल्यापैकीं बहुतेक घरें स्वतः मालक आहेत. सकाळीं भांडीं घासणारी, केर काढणारी, आजारी वडीलमाणसांची उसाभर करणारी बाई ही मजूरच आहे, आणि तिच्याशीं आपण जो करार करतों त्यांतहि थांबणें आपल्याला परवडतें, तिला परवडत नाहीं. पुण्यांत १९८० सालीं अशा बायकांनीं आपण होऊन संप केला आणि त्यांतून त्यांची संघटना उभी राहिली. २००८ सालीं महाराष्ट्रानें घरेलू कामगारांच्या कल्याणमंडळाचा कायदा केला. आतां त्यांच्यापैकीं एखादी आपल्या दारीं छापील दरपत्रक घेऊन येते आणि महिन्याला चार सुट्या व दिवाळीला एक पगार मागते.

अशा वेळीं घरांतल्या कर्त्या माणसांनीं रागावूं नये. दरपत्रक हातीं घेऊन वाचावें. मागणी रास्त असली तर द्यावी, नसली तर आपलें म्हणणें तिच्यासमोर मांडावें. पण ती एकटी न येतां संघटनेचें नांव घेऊन आली याचा विषाद मानूं नये. आणि तिला एवढेंच विचारावें कीं, बाई, हे दर ठरले त्या सभेंत तुम्हांला विचारलें होतें ना? पुढल्या वर्षीं पुन्हां विचारणार आहेत ना? तिचें उत्तर 'हो' असें असलें, तर त्या संघापासून तिला भय नाहीं, आणि आपल्यालाहि नाहीं.